नागाइमोची टोके तैवानला पोचेपर्यंत का काळवंडली?

प्रश्न

नमस्कार. मी जपानमध्ये राहते आणि शेतमाल परदेशी पाठवणाऱ्या एका लहान कंपनीत काम करते. आतापर्यंत आमचे काम मुख्यतः फळांचे होते. या हिवाळ्यात प्रथमच आओमोरी प्रांतातील शेतकऱ्यांकडून नागाइमो घेऊन तो तैवानला पाठवायचे ठरले आणि ती जबाबदारी माझ्याकडे आली. ज्यांनी हा कंद पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हा कोनफळाच्या कुळातला, मनगटाएवढा जाड आणि बरेचदा हातभर किंवा त्याहून लांब असा कंद आहे. साल पातळ व फिकट बदामी असून तिच्यावर केसांसारखी विरळ मुळे असतात, आणि आतला गर पांढराशुभ्र, रसाळ व चिकट असतो. जपानी लोक तो बहुधा कच्चाच खातात.

चाचणी म्हणून आम्ही फेब्रुवारीच्या अखेरीस दहा किलोंच्या साठ पेट्या समुद्रमार्गे पाठवल्या. माल शरद ऋतूत खणलेला आणि तेव्हापासून शीतगृहात ठेवलेला होता. निघण्याच्या आदल्या दिवशी कंद धुतले, सगळ्यांची लांबी सारखी दिसावी म्हणून मानेकडचे निमुळते टोक छाटले, आणि लगेच लाकडाच्या भुशात बसवून पेट्या बंद केल्या. कंटेनरचे तापमान १३ अंश सेल्सिअस ठेवले, कारण आमच्या कार्यालयातील तक्त्यात ‘याम’ या नावापुढे तोच आकडा होता. तिकडे पेट्या उघडल्यावर आयातदाराने पाठवलेली छायाचित्रे पाहून मला फार वाईट वाटले. बहुतेक कंदांची छाटलेली टोके तपकिरी-काळी पडली होती, काही पेट्यांत भुसा ओलसर होऊन टोकांभोवती बुरशी धरली होती, आणि चार-पाच कंदांच्या सालीतून कोंबाचे डोळे वर येऊ लागले होते. मधोमध कापून पाहिले तेव्हा गर मात्र स्वच्छ निघाला.

माल देणारे म्हणतात की शीतगृहातून निघताना कंद उत्तम होता, आणि वाहतूकदाराच्या नोंदीत तापमान शेवटपर्यंत १३ अंशच आहे. मग चूक नेमकी कुठे झाली? साठवणीपासून कागदपत्रांपर्यंत या कंदासाठी काय पाळावे लागते, हे अनुभवी लोकांनी सविस्तर सांगितले तर मोठी मदत होईल. आणखी एक घरगुती शंकाही विचारते: परत आलेल्या नमुन्यांपैकी दोन कंद मी घरी किसले, तेव्हा मनगटापर्यंत खाज सुटली आणि वाटीतला कीस अर्ध्या तासात लालसर झाला. हे खराबीचे लक्षण आहे की हा कंद असाच असतो?

उत्तर १

मी होक्काइदोमधील तोकाची भागात दोन हंगाम नागाइमोच्या शेतात आणि नंतर प्रतवारीच्या शेडमध्ये काम केले आहे, त्यामुळे साठवणीच्या बाजूने उत्तर देतो. वाहतूकदाराने सांगितलेले तापमान पाळले, हे खरे आहे, परंतु ते तापमानच या कंदाचे नव्हते. तुमच्या तक्त्यातील ‘याम’ म्हणजे उष्ण प्रदेशातले मोठे कंद. ते १२ अंशांच्या खाली गेले की थंडीने आतून खराब होतात, म्हणून त्यांच्यासाठी १३ ते १६ अंश सांगितलेले असते. नागाइमो त्यांच्याच प्रजातीसमूहातला असला तरी समशीतोष्ण प्रदेशातला आहे. त्याची वेल शरदात वाळते, कंद बर्फाळ हिवाळा जमिनीत झोपून काढतो आणि माती उबदार होऊ लागली की जागा होतो. म्हणून त्याला ३ ते ५ अंशांची थंडी आणि भरपूर दमटपणा लागतो. पाणी गोठेल इतकी थंडी मात्र लागता कामा नये, कारण एकदा गोठलेला कंद वितळल्यावर मऊ पडतो आणि मग काहीही करता येत नाही. तीन-साडेतीन महिने थंडीत राहिलेल्या कंदाला तुम्ही अचानक १३ अंशांत नेले, म्हणजे त्याच्या दृष्टीने वसंत ऋतू आला. त्यात तुम्ही मानेचे टोक छाटले. मुख्य कोंब तिथेच असतो, आणि तो काढून टाकला की कंद दुसऱ्या जागेवरून डोळे काढतो. शेतकरी बियाण्यासाठी कंदाचे तुकडे करतात तेव्हा याच गुणाचा उपयोग करून घेतात.

आता काळ्या टोकांविषयी. नागाइमोवरील प्रत्येक काप ही उघडी जखम असते. कंद जिवंत असल्यामुळे वेळ मिळाला तर तो जखमेवर कोरडा, बुचासारखा थर धरतो, पण तुम्ही ओल्या जखमेला त्याच दिवशी ओलसर भुशात बंद केले. काप काळा पडणे हे हवेशी संबंध आल्यावर होणारे साधे रासायनिक काम आहे, आणि बुरशीला त्या कापावर पाणी व साखर दोन्ही आयते मिळाले. गर स्वच्छ होता यावरून माल मुळात चांगला होता हेच दिसते. लांबी सारखी करण्यासाठी छाटणी करू नये, हा माझा आग्रहाचा सल्ला आहे. छाटायचेच असेल तर धुण्याच्या पुष्कळ आधी, शीतगृहात जाण्यापूर्वी छाटावे आणि थंड व हवेशीर जागेत टोके पूर्ण कोरडी होऊ द्यावीत.

खणणीच्या वेळी काय घडते हे एकदा प्रत्यक्ष पाहिले की हा मुद्दा आपोआप पटतो. नागाइमो जमिनीत सरळ खाली सुमारे एक मीटरपर्यंत जातो, त्यामुळे लागवडीआधीच यंत्राने तेवढ्या खोलीपर्यंत माती भुसभुशीत केलेली असते. वाटेत एखादा दगड लागला तर कंद तिथे फाटा फोडतो किंवा वाकडा होतो. खणताना यंत्र ओळीच्या बाजूची माती मोकळी करते, आणि कंद मात्र माणसाने हातानेच काढायचा असतो. एक हात मानेवर, दुसरा शक्य तितका खाली, आणि कंद जराही आडवा न वाकवता सरळ वर घ्यायचा. क्षणभर घाई झाली तर काकडी मोडावी तसा तो कट्‌कन मोडतो. खालचे टोक सर्वांत कोवळे असते, त्यावर नखाचा ओरखडा गेला तरी दुसऱ्या दिवशी तिथे तपकिरी रेघ दिसते. हातमोजे घालूनही मुकादम आम्हाला तळहाताने धरायला सांगत, बोटांनी नव्हे.

वेल पूर्ण पिवळी पडून वाळण्याआधी खणलेला कंद दिसायला उत्तम असतो, परंतु तो अपक्व असतो. किसल्यावर लवकर रंग बदलतो आणि साठवणीत टिकत नाही. पुरवठादाराला वेल कधी वाळली आणि खणणी कधी झाली, हे आधीच विचारून ठेवा. खणणी वर्षातून दोनदा होते. नोव्हेंबरच्या सुमारास निघणाऱ्या शरदातील कंदाची साल पातळ व उजळ आणि गर अधिक रसाळ असतो. उरलेले कंद जमिनीतच ठेवून मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर काढतात. त्यांची साल थोडी जाड व गडद असते आणि चव दाट होते, असे तिकडचे लोक मानतात, आणि माझाही अनुभव तसाच आहे. जमीन हेच कोठार झाल्यामुळे शीतगृहावरचा भार वाटला जातो, आणि या दोन खणण्यांच्या जोरावर बाजारात वर्षभर माल राहतो.

आमच्याकडे कंद मातीसकट मोठ्या जाळीदार पिंजऱ्यांत भरून शीतगृहात ठेवत आणि जेवढी मागणी असेल तेवढाच बाहेर काढून धूत असत. अंगावरची माती ओल धरून ठेवते. धुतलेला कंद तेवढा काळ टिकत नाही, म्हणून धुणे हे शेवटचे काम असते. दाबाच्या पाण्याने माती जाते, मग माणसे हाताने मुळे व डाग पाहतात, वजनानुसार प्रत ठरते आणि पुठ्ठ्याच्या पेटीत लाकडाच्या भुशात कंद ओळीने निजवतात. भुसा धक्का झेलतो आणि ओल सांभाळतो, पण तो मुठीत दाबल्यावर पाणी सुटेल इतका ओला कधीच नसावा.

उत्तर २

मी जपानमध्ये वीस वर्षे स्वयंपाक करते आहे, त्यामुळे स्वयंपाकघराच्या बाजूने लिहिते. तुमचे हात खाजले त्यात कंदाची खराबी नाही. सालीच्या लगतच्या थरात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक जुडग्यांनी असतात, आणि किसताना ती जुडगी फुटून सुया त्वचेत शिरतात. अळू चिरताना हात खाजतात त्याचे कारणही हेच. हे स्फटिक आम्लात विरघळतात, म्हणून सोललेला कंद पाच-दहा मिनिटे व्हिनेगर घातलेल्या पाण्यात ठेवायचा आणि आपले हातही त्याच पाण्यात बुडवून घ्यायचे. साल जरा जाडसर काढली की स्फटिकांचा बराचसा भाग सालीबरोबरच जातो. मी कंदाचा वरचा वीतभर भाग न सोलता तसाच ठेवते आणि तो मुठीत धरून उरलेला किसते. हात बुळबुळीत होऊन निसटण्याची भीतीही त्यामुळे राहत नाही. खाज सुटलीच तर चोळू नये, सुया आणखी आत जातात. पातळ केलेल्या व्हिनेगरने हात धुवावेत.

कीस लाल होण्याचे कारण म्हणजे गरातील पॉलिफेनॉल हवेतील ऑक्सिजनशी मिळून रंग धरतात. व्हिनेगरच्या पाण्याने तेही थांबते. अर्ध्या तासात लालसर झालेला कीस खाण्यास अपायकारक नसतो, पण चांगल्या, पूर्ण पिकलेल्या कंदाचा कीस इतक्या लवकर रंगत नाही, त्यामुळे वरील उत्तरातील अपक्व खणणीची शंका तुम्ही जरूर तपासून पाहा.

सालीवरची केसांसारखी मुळे काढण्यासाठी इथल्या बायका कंद गॅसच्या ज्योतीवर फिरवतात. क्षणात मुळे चुरचुरत जळून जातात, मग साल घासून धुतली की कंद सालीसकटही किसता येतो. किसण्याच्या दोन रीती आहेत. धातूच्या किसणीवर कीस खडबडीत निघतो. सुरिबाची म्हणजे आतून रेघा असलेले मातीचे खोल भांडे असते. त्याच्या भिंतीवर कंद गोल गोल घासला तर त्यातून जो लगदा उतरतो तो इतका एकजीव असतो की चमचा उचलल्यावर सगळा लगदा एका पडद्यासारखा वर येतो. त्यात थंड केलेले दाशी, म्हणजे सुकवलेल्या माशाचे व समुद्रशैवालाचे पाणी, थोडे थोडे घालत लाकडी दांड्याने घोटायचे. दाशी गरम असेल तर गुठळ्या होतात. याला तोरोरो म्हणतात. सातू मिसळून शिजवलेल्या भातावर तो ओतला की मुगितोरो, आणि सोबाच्या शेवयांवर घातला की यामाकाके. तोकाइदो या जुन्या राजमार्गावरील मारिको हा मुक्काम तोरोरोच्या सारासाठी प्रसिद्ध होता. चित्रकार हिरोशिगेने १८३० च्या दशकात काढलेल्या त्या मुक्कामाच्या चित्रातही तोरोरोच्या साराची पाटी लावलेले चहाचे दुकान आहे. मात्र मारिकोचा तोरोरो नागाइमोचा नव्हे, जिनेन्जो या रानटी कंदाचा.

हा फरक निर्यातीच्या कामातही उपयोगी पडेल, कारण सगळ्यांना मिळून ‘यामाइमो’ म्हणण्याची पद्धत आहे आणि त्यातून घोळ होतात. नागाइमो लांब व रसाळ, त्याच्या १०० ग्रॅममध्ये जवळजवळ ८३ ग्रॅम पाणीच असते आणि उष्मांक ६५ च्या आसपास. हाताच्या पंजासारखा पसरट इचोइमो, गोळ्यासारखा त्सुकुनेइमो आणि जपानचा मूळचा जिनेन्जो यांत पाणी बरेच कमी, साधारण दोन-तृतीयांश ते सत्तर टक्के, त्यामुळे त्यांचा कीस इतका घट्ट येतो की काड्यांनी गोळा उचलता येतो. कागोशिमाची कारुकान ही पांढरी वाफवलेली मिठाई जिनेन्जोची करतात, आणि मांजू ही सारण भरलेली मऊसूत मिठाई त्सुकुनेइमोची. नागाइमो या कामांत कमी पडतो, पण पातळ काड्या चिरून कच्चा कुरकुरीत खाण्यासाठी किंवा जाड चकत्या लोण्यावर भाजण्यासाठी त्याच्याइतका गोड दुसरा नाही. ओकोनोमियाकी या कोबी घातलेल्या जपानी धिरड्याच्या पिठात थोडा कीस घातला तर ते आतून हलके होते.

घरी अख्खा कंद वर्तमानपत्रात गुंडाळून थंड, अंधाऱ्या जागी ठेवावा, उन्हाळ्यात मात्र फ्रिजमध्ये. कापलेला असेल तर कापावर कागद लावून त्यावर प्लास्टिकचे आवरण घट्ट ताणावे आणि आठवडाभरात संपवावा. कीस उरला तर सपाट पिशवीत पातळ पसरून गोठवते. महिनाभर चव राहते, आणि लागेल तेवढा तुकडा मोडून घेता येतो.

प्रश्नकर्तीकडून

दोघांचेही मनापासून आभार. तापमानाचा आकडा नावावरून घेतला गेला, ही गोष्ट आता मला स्पष्ट दिसते आहे. पुरवठादाराला खणणीची तारीख विचारली. त्यांच्या वहीप्रमाणे आमच्या मालापैकी काही कंद ऑक्टोबरच्या अखेरीस, इतरांच्या आधी निघाले होते.

आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आयातदाराने पुढच्या खेपेसाठी ‘शक्य तितके मोठे कंद द्या’ असे लिहिले आहे, तर जपानमध्ये मोठा कंद दुकानदार सहसा घेत नाहीत, हे कसे? आणि कागदपत्रांत फळांपेक्षा वेगळे काय लागते? अमेरिकेचीही चौकशी आली आहे.

उत्तर ३

मी निर्यातीच्या कागदपत्रांचे काम करतो आणि नागाइमोच्या खेपा अनेकदा हाताळल्या आहेत. मोठ्या कंदाचा प्रश्न तुम्ही नेमका विचारलात, कारण नागाइमोच्या निर्यातीची सुरुवातच त्यातून झाली. जपानी घरात माणसे कमी आणि कंद कच्चा खाण्याची पद्धत असल्यामुळे किलोभराहून जड कंद एकदा कापला की संपत नाही. दुकानदार तो तुकडे करून विकतो आणि शेतकऱ्याला त्याचा दर कमी मिळतो. तैवानमध्ये हाच कंद शानयाओ या नावाने औषधी गुणांचा मानला जातो. हाडांच्या सुपात जाड फोडी घालून तो तासन्‌तास शिजवतात, आणि तिथे जाड, पांढरा, जड कंद हाच उत्तम समजतात. होक्काइदोच्या तोकाची भागातील ओबिहिरो शहराजवळच्या कावानिशी येथील शेतकरी सहकारी संस्थेने १९९९ मध्ये तैवानला नागाइमो पाठवायला सुरुवात केली. घरच्या बाजारात ज्याला भाव नव्हता त्याच आकाराला तिकडे चांगला भाव मिळाला. पीक भरपूर आले त्या वर्षी मोठा माल बाहेर गेला की देशातले दरही सावरतात, हा त्यातला दुसरा फायदा. आज नागाइमो व तत्सम कंदांची जपानची निर्यात वर्षाला सुमारे दोन ते तीन अब्ज येनची आहे आणि तिचा मोठा भाग तैवान व अमेरिका या दोन ठिकाणीच जातो. एका भाजीसाठी ही रक्कम लहान नाही. मला या गोष्टीचे विशेष मोल वाटते, कारण इथे शेतकऱ्याला आपले पीक बदलावे लागले नाही, त्या पिकाची कदर असलेले गिऱ्हाईक शोधावे लागले.

कागदपत्रांकडे वळतो. पहिली अट म्हणजे कृषी, वन व मत्स्य मंत्रालयाच्या वनस्पती संरक्षण केंद्राकडून तपासणी करून घेऊन वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र मिळवणे. फळाला माती लागलेली नसते, कंद मात्र मातीतूनच येतो, आणि मातीबरोबर सूत्रकृमी व रोगजंतू जातात, म्हणून तपासनीस सर्वांत आधी माती पाहतो. मानेच्या खोबणीत, फाट्याच्या बेचक्यात किंवा मुळांच्या बुडाशी चिकटलेला नखाएवढा चिखलही खेप अडवू शकतो. वाकडे व फाटे फुटलेले कंद निर्यातीतून आधीच बाजूला काढावेत, याचे खरे कारण हेच. त्यांच्या बेचक्यातली माती दाबाच्या पाण्यानेही निघत नाही. मात्र स्वच्छतेच्या हव्यासात साल खरवडू नका, नाहीतर पुन्हा जखमांचा प्रश्न उभा राहील.

दुसरी गोष्ट कीटकनाशकांच्या उरलेल्या अंशाची, आणि नवख्या निर्यातदारांची फसगत बहुधा इथेच होते. जपानमध्ये २००६ पासून अशी पद्धत आहे की ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही त्याला ०.०१ पीपीएम (दर दहा लाख भागांत ०.०१ भाग) ही सरसकट मर्यादा लागते. तैवान आणि अमेरिका यांच्या याद्या मात्र स्वतंत्र आहेत. जपानमध्ये नागाइमोवर मारण्यास पूर्ण मान्यता असलेले औषध तिकडच्या यादीत या पिकासाठी नसेल, तर त्याचा किंचित अंश सापडला तरी माल परत येतो. त्यामुळे तयार कंदाची तपासणी करून भागत नाही, लागवडीच्या आधीच कोणते औषध वापरायचे हे शेतकऱ्याबरोबर बसून ठरवावे लागते आणि फवारणीची वही खेपेबरोबर जपावी लागते. जो शेतकरी ही वही दाखवायला तयार नसेल त्याचा माल, कितीही देखणा असला तरी, मी घेत नाही.

तैवानसाठी आणखी एक कागद अनेक वर्षे लागत होता. मार्च २०११ मधील फुकुशिमा दुर्घटनेनंतर तैवानने फुकुशिमा, इबाराकी, तोचिगी, गुन्मा व चिबा या पाच प्रांतांतील अन्नपदार्थ बंद केले, २०१५ पासून इतर मालासाठीही प्रांतनिहाय मूळस्थानाचा दाखला मागायला सुरुवात केली, २०२२ मध्ये ती बंदी बरीच शिथिल केली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये हे निर्बंध पूर्णपणे उठवले. आओमोरी व होक्काइदो त्या पाचांत कधीच नव्हते, पण नियम बदलत राहिल्यामुळे प्रत्येक खेपेआधी आयातदाराकडून त्या दिवशी लागू असलेली यादी लेखी मागवून घ्यावी. अमेरिकेला पाठवताना माल पोचण्याआधी तिथल्या अन्न व औषध प्रशासनाला पूर्वसूचना द्यावी लागते, आणि परदेशी पुरवठादाराची सुरक्षितता पडताळण्याची जबाबदारी तिथल्या आयातदारावर असते. म्हणून धुण्याच्या व भरण्याच्या शेडमधल्या नोंदी ते मागणारच. कावानिशीच्या शेडने २००८ मध्ये एचएसीसीपी (अन्नातील धोके आधीच ओळखून रोखण्याची पद्धत) प्रमाणपत्र घेतले ते अशा प्रश्नांना उत्तर तयार असावे म्हणूनच. ‘तोकाची कावानिशी नागाइमो’ या नावाला २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षणही मिळाले आहे. तुमचा माल आओमोरीचा असल्यामुळे पेटीवर तोकाचीचा उल्लेख चुकूनही येता कामा नये, आयातदाराने आग्रह धरला तरीही.

पुढे कधी गोठवलेला तोरोरो किंवा त्याचे पीठ पाठवायचे झाले, तर जपानी नियमांत यामाइमो हा ॲलर्जीसाठी लेबलवर नोंदवावा अशा शिफारशीच्या पदार्थांच्या यादीत आहे, हे लक्षात ठेवा.

उत्तर ४

वरील उत्तरांत बुरशीचा अर्धा भाग राहिला आहे, तेवढाच सांगतो. मी शीतसाखळीचे काम पाहतो. तापमान ३ अंशांवर आणले तरी उतरवण्याच्या ठिकाणी तुम्हाला नवा धोका आहे. तैवानच्या बंदरातील उबदार, दमट हवेत थंड पेटी उघडली की थंड पेल्यावर धरते तसे कंदावर दव धरते, आणि ते पाणी भुसा पिऊन घेतो. म्हणून कंटेनर उघडल्यावर पेट्या थेट शीतगृहात जायला हव्यात. फलाटावरचा एक तासही पुष्कळ होतो. आयातदाराने दुकानात मांडण्यापूर्वी पेट्या बंद ठेवूनच हळूहळू बाहेरच्या तापमानाला आणाव्यात. पेट्यांच्या मधे तापमान नोंदवणारे लहान यंत्र ठेवा, एक दरवाजाजवळ आणि एक मधल्या रांगेत. वाहतूकदाराची नोंद ही कंटेनरमधल्या हवेची असते. भुशात दडलेला कंद त्या तापमानाला यायला बराच वेळ घेतो, त्यामुळे पेट्या भरण्याआधीच कंद पूर्ण थंड झालेला असला पाहिजे. धुतल्यावर त्याला पुन्हा शीतगृहात ठेवून वरचे पाणी निघून जाऊ द्या आणि मगच भुशात घाला.

प्रश्नकर्तीकडून

आमच्या खेपेचे काय झाले ते आता मला क्रमाने दिसते आहे. काही कंद वेल वाळण्याआधी निघाले, निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांना नवी जखम झाली, ओले असतानाच ते बंद झाले, वाटेत त्यांना वसंताची ऊब मिळाली आणि बंदरात त्यांच्यावर दव पडले. आयातदाराला मी आज पत्र लिहून यातली आमची बाजू कबूल केली आणि नुकसानीचा वाटा आम्ही उचलू असे कळवले. पुढची खेप एप्रिलमध्ये खणलेल्या कंदांची असेल. टोके छाटणार नाही, लांबी जशी असेल तशी जाईल, त्यासाठी लांब पेट्या मागवल्या आहेत. कंटेनर ३ अंशांवर राहील. फवारणीच्या वह्या पाहायला मी स्वतः आओमोरीला जाणार आहे. पेट्या तिकडे उघडल्या की टोकांची छायाचित्रे आणि दोन्ही यंत्रांतील तापमानाच्या नोंदी इथे देईन. आणि हो, काल व्हिनेगरच्या पाण्यात ठेवून कंद किसला, हात अजिबात खाजले नाहीत आणि सातूच्या भातावरचा तोरोरो शेवटच्या घासापर्यंत पांढरा राहिला.